वंशावळीसाठी ग्रॅम्प्स : गेल्या पावसाळ्यापासूनचा अनुभव

आमच्याकडे जुनी कागदपत्रं निघतात ती जात पडताळणीसाठी. ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा हाती आला की शोध संपतो आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकाची (गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीची) नक्कल, जमिनीचे फेरफार सगळं पिशवीत जाऊन पडतं. त्या पिशवीतून मागे किती जाता येईल, यासाठी मी ग्रॅम्प्स घेतलं. सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्तस्रोत आहे. माहिती आपल्याच संगणकावर राहते, त्यामुळे नेटवर्क गेलं तरी काम अडत नाही.

त्याचा खरा मोठेपणा पुराव्यात आहे. प्रत्येक नोंदीला कागद जोडायचा आणि तो कितपत विश्वासाचा, हे पाच पायऱ्यांत ठरवायचं. कोतवाल बुकातली जन्मतारीख मी वरच्या पायरीवर ठेवतो, शाळेतली खालच्या, कारण नाव घालताना गुरुजी अंदाजानं तारीख लिहीत. पण कोतवाल बुकात बाळाचं नावच नसतं, नुसतं ‘मुलगा’. तो कोणता भाऊ, हे शाळेच्या रजिस्टरवरून जुळवावं लागतं. दोन्ही कागद एकाच माणसाखाली शेजारी दिसले की हे जुळवणं सोपं जातं.

आमचं घराणं वर्धा नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेलं. 1803 च्या देवगावच्या तहानंतर नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे गेला, पूर्वेकडे भोसल्यांचं राज्य राहिलं. म्हणून पूर्वेच्या आर्वीकडच्या भावकीचे कागद मालगुजारीचे (गावचा सारा मालगुजारामार्फत), पश्चिमेच्या तिवसा भागातल्यांचे रयतवारीचे (सारा थेट शेतकऱ्याकडून). एकीकडे बंदोबस्ताची मिसल, म्हणजे सारा ठरवतानाचं गावचं दप्तर, मागायची, दुसरीकडे वेगळं दप्तर. आडनाव बहुतेक ठिकाणी नाहीच. ‘अमुक वल्द (मुलगा) तमुक, कुणबी’ एवढंच. त्यात नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत, त्यामुळे एकाच नावाची माणसं पुन्हा पुन्हा येतात. ग्रॅम्प्स प्रत्येकाला वेगळा क्रमांक देतं, म्हणून गल्लत टळते.

तारखांचं काम मात्र आपल्यालाच करावं लागतं. हिजरी सन त्यात आहे, शक आणि फसली (महसुली कागदांतला सन) नाहीत. शकात 78 आणि दख्खनी फसलीत 590 मिळवून मी इसवी सन ‘सुमारे’ म्हणून भरतो, मूळ आकडा टिपेत जसाच्या तसा ठेवतो. मोडी कागद वाचायला जाणकार लागतोच.

सगळ्यात जास्त वेळ गेला बायकांवर. वावराच्या कागदात बाई येते ती नवरा गेल्यावर, ‘बेवा’ म्हणून, वारसाच्या फेरफारात. माहेर कुठलं, बाप कोण, काही नाही. ग्रॅम्प्समध्ये माहेरचं आणि सासरचं नाव वेगवेगळं ठेवता येतं. पणजीच्या माहेरच्या नावाची जागा अजून रिकामी आहे आणि ती मी कुणाच्या सांगण्यावरून भरणार नाही.

वंशावळी लिहून ठेवणाऱ्या भाटाच्या पोथीतल्या पिढ्या कागदाच्या कितीतरी मागे जातात. त्याही मी घेतल्या, पण सगळ्यात खालच्या पायरीवर, वेगळ्या शाखेत. मिसलीतल्या सर्वांत जुन्या पुरुषाला पोथीतल्या शेवटच्या नावाशी जोडणारा कागद मिळेपर्यंत मधली रेघ मी ओढलेली नाही. घरातली वडीलधारी माणसं ‘ओढ ती रेघ’ म्हणतात. ज्यांना कागदाला धरून चालायचं आहे, त्यांनी ग्रॅम्प्स जरूर घ्यावं; नुसता मोठा वंशवृक्ष छापून भिंतीवर लावायचा असेल, तर एवढा खटाटोप करायची गरज नाही.