शाळेसाठी घेतलेली २४ खडकांची पेटी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सातारा जिल्ह्यातील आमच्या माध्यमिक शाळेसाठी गेल्या जून महिन्यात मी २४ खडकांच्या नमुन्यांची एक पेटी ऑनलाइन मागवली. सहावीच्या भूगोलात खडकांचा पाठ आहे आणि तो मी बरीच वर्षे फळ्यावर आकृत्या काढूनच शिकवत आले. अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित ही तीन नावे मुले चोख पाठ करतात, प्रत्येकाची उदाहरणेही सांगतात. परंतु हातात दगड ठेवला की गप्प होतात. त्यात त्यांचा दोष नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वर आलेला लाव्हा थरावर थर पसरून जो बेसॉल्ट तयार झाला, त्याने महाराष्ट्राचा चार पंचमांशांहून अधिक भाग व्यापलेला आहे, आणि आमच्याकडे डोंगर, विहीर, घराचा पाया, पाटा-वरवंटा अशा सर्व ठिकाणी तोच काळा दगड दिसतो. इथे वाढलेल्या मुलाने वालुकाश्माचा नैसर्गिक थर पाहिलेला नसतो, त्यामुळे अशी पेटी आमच्यासारख्या शाळेला खरोखर गरजेची आहे, आणि काही उणिवा असूनही ही पेटी घेतल्याचे मला समाधान आहे.

पेटी लाकडी असून आत खणांचे दोन ट्रे आहेत. प्रत्येक नमुना साधारण लहान मुलाच्या मुठीएवढा आहे आणि त्याची किमान एक बाजू ताजी फोडलेली आहे. ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण पॉलिश केलेले चकचकीत तुकडे दिसायला सुंदर असले तरी त्यांवरून खडकाची घडण कळत नाही, आणि ऊनपावसाने रापलेला पृष्ठभाग तर फसवाच असतो. सोबत दिलेले भिंग साधे आहे, पण काम भागते.

ग्रॅनाइटचा नमुना या संचातील सर्वांत चांगला म्हणावा लागेल. खिडकीजवळच्या उजेडात तो भिंगाखाली धरला की गुलाबी फेल्डस्पारचे सपाट, चमकणारे चौकोनी कण, त्यांच्या फटींत बसलेले काचेसारखे करडे क्वार्ट्झ आणि मधूनमधून काळ्या अभ्रकाचे ठिपके वेगवेगळे ओळखता येतात. अभ्रकाच्या एका ठिपक्याचा पापुद्रा तर सातवीतल्या एका मुलीने नखाने अलगद सोडवून दाखवला. जमिनीखाली काही किलोमीटर खोलवर शिलारस अतिशय सावकाश थिजतो, स्फटिकांना वाढायला भरपूर वेळ मिळतो आणि म्हणून कण डोळ्यांना दिसण्याइतके मोठे होतात, हे वाक्य मी इतकी वर्षे सांगत होते, परंतु ते मुलांना पटले ते त्या दिवशी.

पाठ्यपुस्तकात ग्रॅनाइटची तुलना सहसा बेसॉल्टशी केली जाते. संच तयार करणाऱ्यांनी बेसॉल्टच्या शेजारी गॅब्रोचा तुकडा ठेवला आहे, आणि ही निवड विशेष विचारपूर्वक केलेली आहे. ग्रॅनाइट आणि बेसॉल्ट यांचे घटकच निराळे आहेत: ग्रॅनाइटमध्ये सिलिका जास्त, तर बेसॉल्टमध्ये लोह आणि मॅग्नेशियम जास्त. त्यामुळे त्यांच्यातील सगळाच फरक थिजण्याच्या वेगाचा आहे असे म्हणता येत नाही. गॅब्रो मात्र बेसॉल्टच्याच घटकांचा आहे. तोच रस वर येऊन लवकर थिजला की बारीक कणांचा बेसॉल्ट, आणि खोलवर राहून सावकाश थिजला की ठसठशीत कणांचा गॅब्रो. हे दोन तुकडे दोन हातांत देऊन पाहिले तर फार बोलावे लागत नाही. (फरशीच्या दुकानात काळा ग्रॅनाइट म्हणून जो दगड विकतात, तो पुष्कळदा गॅब्रो किंवा त्याच्याच कुळातला असतो.) ज्वालामुखीतून आलेला सच्छिद्र प्युमिस पाण्यावर तरंगतो आणि लाव्हा झटकन थिजून झालेला ऑब्सिडियन काचेसारखा फुटतो, एवढेच त्या दोन नमुन्यांविषयी सांगण्यासारखे आहे.

संचातील क्रम मला पटला नाही. एका खणाच्या ओळीत अग्निजन्य, दुसऱ्या ओळीत स्तरित आणि तिसऱ्या ओळीत रूपांतरित अशी मांडणी असल्यामुळे तीन बंद कप्पे असल्याचा समज होतो. मी ती मांडणी मोडून जोड्या लावल्या. वालुकाश्मावर बोट घासले की वाळूचे कण सुटून बोटाला लागतात. त्याच वालुकाश्मावर प्रचंड दाब आणि उष्णता यांचा परिणाम होऊन बनलेल्या क्वार्ट्झाइटवर कितीही घासले तरी कण सुटत नाही, कारण कण एकमेकांत घट्ट विणले गेलेले असतात. शेलवर तोंडाची वाफ सोडली तर ओल्या मातीचा वास येतो आणि तो टेबलावर आपटला तर बद्द आवाज होतो; शेलपासून झालेला स्लेट, म्हणजे आमच्या पिढीच्या पाटीचा दगड, मात्र खणखणतो. ग्रॅनाइटशेजारी त्याचेच रूपांतरित रूप असलेला नीस ठेवला की ठिपक्यांच्या जागी काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आलेल्या दिसतात, आणि दाबाखाली खनिजे कशी ओळीने लागतात ते समजते.

चुनखडक आणि संगमरवर या जोडीने मात्र मला अडचणीत आणले. दोन्हींत कॅल्साइट हे खनिज असल्याने सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडताच बुडबुडे यायला हवेत. चुनखडकावर ते भराभर आले, संगमरवर म्हणून दिलेल्या पांढऱ्या तुकड्यावर एकही आला नाही. काही संगमरवर डोलोमाइट या दुसऱ्या खनिजाचे असतात आणि त्यांच्यावर आम्लाचा परिणाम फारसा जाणवत नाही, म्हणून मी दुसरी कसोटी लावली: त्या तुकड्याने काचेवर स्पष्ट ओरखडा उठला. संगमरवराने काचेवर ओरखडा उठत नाही. तो तुकडा साधी गारगोटी होती. विक्रेत्याला छायाचित्रासह कळवल्यावर त्याने वाद न घालता दुसरा नमुना पाठवला आणि तो योग्य निघाला. तरीही शैक्षणिक साहित्यात अशी चूक व्हायला नको होती, कारण ज्या शाळेत आम्ल लावून पाहिले जाणार नाही तिथे मुले गारगोटीलाच संगमरवर समजत राहतील.

सोबतच्या मराठी माहितीपुस्तिकेविषयी माझी तक्रार अधिक गंभीर आहे. ती हिंदीवरून घाईने उतरवलेली दिसते. अग्निजन्य खडकांना तिच्यात सर्वत्र ‘आग्नेय’ म्हटले आहे, आणि आमच्या मुलांना आग्नेय म्हणजे पूर्व आणि दक्षिण यांच्यामधली दिशा एवढेच ठाऊक असल्यामुळे हे खडक भारताच्या त्या कोपऱ्यात सापडतात का, असा प्रश्न तीन मुलांनी विचारला. प्रश्न अगदी रास्त होता. जांभ्याला पुस्तिकेने स्तरित खडकांत बसवले आहे, तेही बरोबर नाही. भरपूर पाऊस आणि उष्णता यांनी मूळ खडकातील विरघळणारे घटक वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरतात, त्यातून जांभा बनतो. पाचगणीचे पठार आणि कोकणातील चिरे पाहिलेल्या मुलांना हे सहज सांगता आले असते.

एकाही नमुन्यावर तो कुठून आणला हे लिहिलेले नाही, ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते. खडकाचे गाव कळले नाही तर त्याची निम्मी माहिती हरवते. शहाबादी फरशी कर्नाटकातील शहाबादची, कडप्पा आंध्रातला, मकराण्याचा संगमरवर राजस्थानातला, हे आपल्याकडे गवंडीसुद्धा सांगतो. शहाबादी आणि कडप्पा हे दोन्ही चुनखडक आहेत, आणि कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू सांडले तर डाग का पडतो याचे उत्तरही त्यातच आहे. असे धागे जोडता आले असते, तर पेटी थेट मुलांच्या घरापर्यंत पोहोचली असती.

ही उणीव आम्ही आमच्या परीने भरून काढत आहोत. घाटात रस्त्यासाठी फोडलेल्या दरडीच्या पायथ्याशी पडलेले तुकडे मुलांनी आणले: एक घट्ट काळ्या कातळाचा, एक वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत झिओलाइट हे पांढरे खनिज भरलेला, आणि एक दोन लाव्हाथरांच्या मधल्या तांबड्या पट्ट्यातला. तिन्हींवर ठिकाण आणि तारीख लिहून ते रिकाम्या खणांत ठेवले आहेत.

ज्यांना असा संच घ्यायचा आहे त्यांनी याच विक्रेत्याकडील १२ नमुन्यांची लहान पेटी टाळावी, कारण तिच्यात शेल आणि क्वार्ट्झाइट नाहीत आणि त्यामुळे दोन जोड्या तुटतात. २४ नमुन्यांची पेटी घ्यावी, पुस्तिका बाजूला ठेवावी, आणि पेटी वर्गात नेण्यापूर्वी शिक्षकांनी स्वतः आम्लाचा थेंब आणि काचेचा तुकडा घेऊन पांढरे नमुने तपासून पाहावेत.