डोंगराळ हाफ आयर्नमॅनला रोड बाइक न्यायची की टीटी बाइक?

गोव्यात किंवा कोल्हापूरला एक-दोन हाफ आयर्नमॅन (एकापाठोपाठ पोहणं, सायकल, पळणं) करून झाल्या की पुढचा डोळा परदेशातल्या रेसवर जातो आणि त्यात नीसचं नाव येतंच. फ्रान्सचा दक्षिण किनारा, समोर निळाशार समुद्र, फोटो बघूनच माणूस नाव नोंदवतो, आणि मग बाइक कोर्सचा प्रोफाइल उघडतो तेव्हा कळतं की 90 किलोमीटरमध्ये 1300 मीटरच्या आसपास चढ आहे. मग लगेच प्रश्न, आहे ती रोड बाइक न्यायची की उसनी-पासनी करून का होईना टीटी (टाइम ट्रायल, म्हणजे पुढे वाकून वारा कापत चालवायची सायकल) घ्यायची?

मी दोन्ही चालवल्यात, घाटात चालवल्यात. माझं मत आधीच सांगते, ज्यांच्याकडे टीटी नाही त्यांनी या असल्या कोर्ससाठी ती घेऊ नये. ज्यांच्याकडे आहे त्यांचं मात्र इतकं सरळ नाही.

आधी चढाचं बघू. नीसच्या कोर्सवरचा मोठा चढ म्हणजे कोल द व्हान्स. व्हान्स गावातून वर खिंडीपर्यंत साधारण दहा किलोमीटर, सरासरी साडेसहा टक्क्यांच्या आसपास, माथा 963 मीटरवर. पुण्याच्या लोकांना सांगायचं तर चढायची उंची जवळपास एका सिंहगडाएवढी. फरक इतकाच की सिंहगड मधेच दहा-बारा टक्के मारतो आणि मधेच श्वास घेऊ देतो, तर व्हान्स एका लयीत चढत राहतो, सावलीही फारशी नाही. आणि हे सगळं 1.9 किलोमीटर पोहून झाल्यावर आणि पुढे 21.1 किलोमीटर पळायचं असताना, हे डोक्यात ठेवा.

आता बहुतेक लोक वजनाबद्दल बोलतात. टीटी दीड किलो जड असते वगैरे. मी हिशोब करून बघितला, दीड किलो जास्तीचं वजन साडेसहाशे मीटर वर न्यायला 180 वॉटने दामटणाऱ्याला 50-55 सेकंद जास्त लागतात. बस. अख्ख्या कोर्सवर धरलं तरी दोन मिनिटांच्या आत, आणि उतारावर त्यातलं थोडं परत मिळतं. त्यामुळे वजनाच्या नावाखाली टीटी बाद करणाऱ्यांचं मला पटत नाही.

खरी भानगड गिअरची आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. बऱ्याच जुन्या टीटी बाइकला पुढच्या चकत्यांना 53-39 आणि मागच्यांना 11-28 दात असतात, सपाट रस्त्यासाठी एकदम बरोबर. पण 39 पुढे आणि 28 मागे टाकून 70 च्या केडन्सने (मिनिटाला पेडलचे 70 फेरे) फिरवलं तर वेग येतो ताशी बारा किलोमीटरच्या वर, आणि साडेसहा टक्क्यांवर बाइकसकट 85 किलोच्या माणसाला तो वेग ठेवायला 210 वॉटच्या आसपास लागतात. तेवढे तासभर काढून वर हाफ मॅरेथॉन पळणारे आपल्यात किती आहेत? मग काय होतं, केडन्स 50 वर येतो, माणूस उभा राहून पेडल रेटतो, मांड्या आणि गुडघे संपतात. तेच रोड बाइकवर पुढे 34 मागे 34 असेल तर त्याच 70 केडन्सला वेग नऊच्या जरा आत आणि ताकद 150 वॉटच्या आसपास. म्हणजे हळू जायची सोय मिळते, आणि घाटात हीच सोय लाखमोलाची असते, कारण जोरात कधीही जाता येतं पण हळू जायला गिअर लागतो!

मी स्वतः हे भोगलंय. एका मैत्रिणीची टीटी घेऊन सिंहगड केला होता, पायथ्यापासून पहिले तीन किलोमीटर मस्त वाटलं, नंतर शेवटपर्यंत नुसती कुस्ती. खाली येऊन पाच किलोमीटर पळायचं ठरवलं होतं, दीड किलोमीटरवर थांबले. पुढच्या रविवारी तोच चढ रोड बाइकवर चार मिनिटं हळू केला आणि पाचही किलोमीटर ठरलेल्या पेसने पळाले.

शिवाय टीटीवर गिअरचं बटण एरोबारच्या (कोपर टेकून धरायच्या, पुढे आलेल्या दांड्यांच्या) टोकाला आणि ब्रेक खाली बेसबारवर, म्हणजे आडव्या मुख्य हँडलवर. चढात तुम्ही बेसबार धरून बसणार, मग प्रत्येक शिफ्टला हात उचलून पुढे न्यायचा. इलेक्ट्रॉनिक शिफ्टिंग असेल तर दोन्हीकडे बटणं मिळतात, मग हा मुद्दा गळतो.

पण टीटीला उगाच नावं ठेवायची नाहीत. सपाट आणि हलक्या उताराच्या भागात ती खरंच पळते. 32 च्या स्पीडला रोड बाइकचे हूड (ब्रेकच्या वरच्या मुठी) धरून बसणं आणि टीटीवर नीट एरो बसणं यात सहज तीस-चाळीस वॉटचा फरक पडतो. पण रोड बाइकला क्लिप-ऑन (हँडलवर वरून बसवायचे) एरोबार लावले की त्यातला बराचसा भाग तिथेच वसूल होतो. पूर्ण नाही, बराचसा. टीटीचा दुसरा फायदा सीट ट्यूबच्या कोनाचा, सीट पुढे असल्यामुळे कंबरेत माणूस कमी दुमडतो आणि उतरल्यावर पळताना पाय लवकर सुटतात. रोड बाइकला नुसते क्लिप-ऑन ठोकून तसंच बसलात तर कंबर आणि पोट दोन्ही आवळतं, म्हणून सीट थोडी पुढे-वर घ्यावी लागते, स्टेम (हँडलला फ्रेमशी जोडणारा तुकडा) कदाचित आखूड लागतो. हे फिटिंग रेसच्या दोन महिने आधी व्हायला हवं, आदल्या आठवड्यात नाही.

उताराबद्दल मी जरा जास्तच आग्रही आहे. चढ हळू केला तर मिनिटं जातात, उतार चुकला तर हाडं मोडतात. वळणावळणाचा अनोळखी घाट, अरुंद रस्ते, बाजूला दगडी कठडे. टीटीवर वजन पुढच्या चाकावर, एरोबारवर असताना ब्रेकपर्यंत हात न्यायलाच क्षण जातो, आणि पुढे डीप रिम (रुंद कडेचं चाक) असेल तर बाजूच्या वाऱ्याचा झटका हँडलमध्ये जाणवतो. रोड बाइकवर ड्रॉप्स (हँडलचा खाली वळलेला भाग) धरले की ब्रेक बोटांखाली, वजन मधोमध, वळणात शिरताना मन शांत. ज्यांनी कात्रज, पसरणी असे घाट टीटीवर बिनधास्त उतरवलेत त्यांना हे लागू नाही, त्यांनी खुशाल न्यावी. मी नेणार नाही.

2019 ची 70.3 (म्हणजे हाफ आयर्नमॅन) वर्ल्ड चॅम्पियनशिप नीसलाच झाली होती आणि पुरुषांत नॉर्वेचा गुस्ताव इडन जिंकला, तोही रोड बाइकवर क्लिप-ऑन लावून, अॅलिस्टर ब्राउनली दुसरा. तेव्हापासून रोड बाइकवाले सगळे हेच उदाहरण देतात. पण दुसरी बाजूही बघा, त्याच कोर्सवर मोठ्या संख्येने लोक टीटीवरच होते. इडन जिंकला त्याच्या पायांमुळे. त्यावरून एवढंच म्हणता येतं की अशा कोर्सवर रोड बाइक तुम्हाला मागे ओढत नाही, आणि आपल्याला तेवढं पुरेसं आहे.

प्रवासाचंही सांगते. रोड बाइक बॉक्समध्ये भरणं सोपं, तिकडे गेल्यावर जोडणंही सोपं. टीटीचं हँडल उघडा, केबल सैल करा, पुन्हा मोजून तिथेच बसवा, जेट लॅगमध्ये नको होतं ते. आणि बाइक रस्त्यात खराब झाली तर भाड्याने रोड बाइक मिळायची शक्यता टीटीपेक्षा बरीच जास्त.

मग टीटी कोणी न्यावी? जिच्याकडे ती दोन-तीन सीझनपासून आहे, जी तिच्यावर दोन तास एरोमध्ये बसू शकते, घाट उतरायला घाबरत नाही आणि गिअर बदलायला तयार आहे तिने. पुढे 50-34 किंवा निदान 52-36, मागे 32 किंवा 34 चं कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच). बाकी सगळ्यांनी रोड बाइक, क्लिप-ऑन आणि वाचलेल्या पैशात एक चांगलं फिटिंग.

कॅसेट बदलणार असाल तर एक करा, तुमचा मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) 34 दात घेतो का हे मेकॅनिककडून आधी तपासून घ्या, बऱ्याचदा लांब केजचा लागतो आणि चेनही लांब लागते. आणि हे सगळं बसवून किमान तीन सिंहगड झाल्याशिवाय बाइक बॉक्समध्ये भरू नका.