इंदूरचे एक चिनी उपचार केंद्र: सुया ठीक, पुड्या नकोत

पलासिया भागातील या चिनी उपचार केंद्राच्या फलकावर गुडघेदुखी, अर्धशिशी आणि लकवा यांच्या जोडीला एड्सचेही नाव लिहिलेले आहे. माझा सगळा आक्षेप त्या एका ओळीला आणि तिच्यामागोमाग रुग्णाच्या हाती पडणाऱ्या औषधी पुड्यांना आहे. ज्यांच्यासोबत मी तेथे गेले त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून केंद्राचे नाव देत नाही. ते माझे मावसभाऊ, आमच्या घरातले दादा. त्यांच्या संमतीनेच हे लिहीत आहे.

दादांना एचआयव्हीची लागण आहे. ते अनेक वर्षांपासून एम.वाय. हॉस्पिटलच्या एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधे देणाऱ्या केंद्रातून, गोळ्या घेतात. त्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाण, तपासणीत सापडत नाही, कामधंदा व्यवस्थित चालू आहे. त्रास आहे तो तळपायांचा: रात्री मुंग्या येतात, आग होते, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. सुरुवातीच्या काळात सर्रास दिल्या जाणाऱ्या स्टॅव्हुडिन या औषधाने अनेकांच्या नसांना अशी इजा झाली. पुढे ते औषध बंद झाले, पण काहींच्या पायांतली आग राहिली ती राहिलीच. असा माणूस ॲक्युपंक्चरच्या सुयांकडे वळला तर त्याला दोष देता येत नाही.

सुयांच्या कामाबद्दल मला चांगलेच लिहायचे आहे. खोली स्वच्छ होती. उपचारकाने प्रत्येक सुईचे सीलबंद पाकीट दादांच्या समोर फोडले आणि काम झाल्यावर सुया पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात टाकल्या. एचआयव्ही किंवा कावीळ ब असलेल्या माणसाला सुई टोचताना ही शिस्त सर्वांत आधी पाहावी, आणि येथे ती होती. गुडघ्याखाली आणि घोट्याजवळ सुया लावल्यावर मोक्साची कांडी पेटवून त्वचेपासून दोन बोटांवर धरण्यात आली. मोक्सा म्हणजे आपल्या दवण्याच्या जातीतल्या एका वनस्पतीचा वाळवून कुटलेला पाला. त्याचा धूर खोलीभर रेंगाळतो, दम्याच्या रुग्णाला तो मानवणार नाही. दादांना त्या रात्री शांत झोप लागली. मात्र अमेरिकेत एचआयव्हीमुळे नसा दुखणाऱ्या 250 रुग्णांवर झालेल्या आणि 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ठरावीक बिंदूंवरच्या सुया आणि भलत्याच जागी टोचलेल्या सुया यांच्या परिणामात फरक आढळला नव्हता. तेव्हा बरे वाटते म्हणून जावे, फी परवडत असेल तर जावे. नसा दुरुस्त होतील या भरवशावर जाऊ नये.

सुया काढल्यावर नाडी आणि जीभ पाहण्यात आली. चिनी वैद्य दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटे ठेवून नाडी पाहतात. उपचारकाने दादांचे बोलणे घाई न करता ऐकून घेतले, झोप, भूक, घाम, शौच सगळे विचारले. सरकारी केंद्राच्या गर्दीत एवढा वेळ मिळत नाही, आणि रुग्ण अशा ठिकाणी का ओढले जातात ते तेथे बसल्यावर नीट समजते. पण त्यानंतर जे सांगण्यात आले ते धोक्याचे होते. शरीरातील ‘ची’, म्हणजे जीवनशक्ती, क्षीण झाली आहे, पुड्यांनी ती भरून येईल, चीनमध्ये याच औषधांनी एड्सचे रुग्ण बरे झाले आहेत आणि काही महिन्यांनी एआरटीच्या गोळ्या एक दिवसाआड घेतल्या तरी चालेल, असे उपचारकाने अगदी सहज सांगितले. दादांनी माझ्याकडे पाहिले. पंधरवड्याच्या पुड्यांचे 4,500 रुपये मात्र तोवर भरून झाले होते.

चीनच्या नावावर सांगितलेली ही गोष्ट स्वतः चीन सांगत नाही. 1990 च्या दशकात हनान प्रांतात रक्तद्रव विकणाऱ्या गरीब शेतकऱ्यांमध्ये हा विषाणू पसरला, तेव्हा तेथील सरकारने 2003 पासून विषाणूविरोधी औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. पारंपरिक औषधांचा सरकारी कार्यक्रम 2004 मध्ये सुरू झाला, पण त्यातून रोग समूळ बरा झाल्याचे सिद्ध झालेले नाही. थकवा, जुलाब, ताप, अंगावरचे पुरळ अशा तक्रारी कमी करणे, हेच त्या औषधांचे मुख्य काम राहिले. एचआयव्हीवरील वनौषधींच्या चाचण्यांचा जो आढावा 2005 मध्ये वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या कॉक्रेन संस्थेने घेतला, त्यातही काही लक्षणांत थोडा आराम दिसला, विषाणू कमी झाल्याचा भरवशाचा पुरावा मात्र मिळाला नाही. कारण समजायला अवघड नाही. हा विषाणू आपली जनुकीय प्रत पेशीच्या डीएनएमध्येच घुसवून ठेवतो आणि अशा पेशी वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतात. रोजच्या गोळीचा दाब उठला की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा वाढू लागतो. एक दिवसाआड गोळी म्हणजे त्याला औषध पचवायला शिकण्याची आयती संधी.

चिनी वनस्पतींमध्ये काहीच नाही, असे माझे म्हणणे नाही. दवण्याच्याच कुळातल्या एका वनस्पतीपासून थू यूयू यांनी 1972 मध्ये हिवतापावरचे आर्टेमिसिनिन वेगळे केले आणि 2015 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्यांनी नेमका घटक शोधला, मोजला, रुग्णांवर तपासला. उलट आपल्या पडवळाच्या कुळातील एका चिनी वेलीच्या मुळातले प्रथिन 1989 मध्ये प्रयोगशाळेत एचआयव्हीला रोखताना दिसले, तेव्हा अमेरिकेतील हताश रुग्णांनी अधिकृत चाचणीची वाट न पाहता ते टोचून घेतले. काहींना भ्रम झाला, काही बेशुद्ध पडले, मृत्यूही झाले. एचआयव्हीवरचे औषध त्यातून आजवर निघालेले नाही.

आता पुडीविषयी. भुरकट रंगाची पूड, साध्या प्लास्टिकच्या पिशवीत, वर फक्त सकाळ आणि संध्याकाळ अशा खुणा. घटकांची नावे नाहीत, उत्पादकाचे नाव नाही, तारीख नाही. विचारल्यावर ज्येष्ठमध, जिनसेंग आणि झोपेसाठी शिंपल्याची पूड एवढे तोंडी कळले. दादा टिनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची एकत्रित गोळी घेतात. शिंपला म्हणजे कॅल्शियम, आणि उपाशीपोटी कॅल्शियमसोबत घेतलेले डोल्युटेग्राव्हिर अंगात नीट शोषले जात नाही. जेवणासोबत घेत नसल्यास ती गोळी कॅल्शियमच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी लागते. दादांची गोळी आणि सकाळची पुडी, दोन्हींची वेळ उपाशीपोटीच होती. म्हणजे एआरटी न सोडताही ती पुडी एआरटीला निकामी करू शकली असती. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. टिनोफोव्हिर घेणाऱ्याने तर मूत्रपिंडे जपायची असतात, आणि 1990 च्या दशकात बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत एका चिनी मुळीऐवजी दुसरीच मुळी आल्याने अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली होती. लेबल नसलेल्या पुडीत काय आहे, हे कोणी कसे तपासायचे?

आपल्याकडे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, 1945 च्या अनुसूची ‘जे’मध्ये, ज्या रोगांवर औषध म्हणून बरे करण्याचा दावा करता येत नाही त्यांच्या यादीत एड्स पहिल्याच क्रमांकावर आहे. मी हे उपचारकाला शांतपणे सांगितले आणि घटक लिहून मागितले. त्यांनी नकार दिला. आम्ही पुड्या तेथेच ठेवल्या. पैसे परत मिळाले नाहीत.

तळपायांच्या आगीसाठी कोणी तेथे सुया लावून घेणार असेल तर मी अडवणार नाही. पाकीट समोर फोडले जाते ना, एवढे पाहावे आणि एआरटी केंद्रातील डॉक्टरांना तसे सांगून ठेवावे. झोपेची तक्रार मात्र आधी त्यांनाच सांगावी, कारण डोल्युटेग्राव्हिरने काहींची झोप उडते आणि गोळी रात्रीऐवजी सकाळी घेतल्याने बऱ्याचदा तेवढ्यावर भागते. गुप्ततेच्या भीतीने ज्यांना एआरटी केंद्रात जाऊन विचारणे जड जाते, त्यांच्यासाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेचा 1097 हा क्रमांक मोफत आहे.