गोलाणी मार्केटमधला कॉम्प्युटर दुरुस्तीवाला: आधी वेळ मोजतो, मग पेच खोलतो

जळगावच्या गोलाणी मार्केटात मोबाइलवाल्यांच्या गर्दीतून वाट काढत वर गेलं की एका गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं टेबल आहे. दुकानाचं नाव लिहीत नाही, मालकानंच नको म्हटलं. 'गर्दी वाढली की हात घाई करतो', हे त्याचं कारण. वर कुणालाही 'घड्याळ लावून बसतात ते भाऊ' विचारा, बोट दाखवतील.

माझं अमळनेरला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, पीक विमा, मधूनच लग्नपत्रिका. १९४५ साली वनस्पती तुपाच्या कारखान्यातून विप्रो ज्या गावात उभी राहिली, त्या गावात कॉम्प्युटर चालू होत नाही म्हणून गिऱ्हाईक ताटकळतं, हे सांगताना मला स्वतःलाच कसंतरी होतं. बटण दाबलं की पंखा फिरायचा, दिवा लागायचा, पडदा मात्र काळा. दीड मिनिट, कधी जास्त. मग कंपनीचा लोगो उमटायचा आणि पुढं सगळं सुरळीत. ऐकायला दीड मिनिट काही नाही. पण लाइट दिवसातून कितीदा जाते ते इकडच्या माणसाला सांगायला नको, आणि पीक विम्याची मुदत संपत आली की दारात रांग असते. मारवडचे एक बाबा तर सरळ म्हणाले, "ताई, तुनं मशीन जागं व्हस तवलोंग मी चहा पीसन येस." आणि खरंच चहा पिऊन आले.

त्याआधी दुसऱ्या एका दुरुस्तीवाल्याकडून इलाज झाले होते. फॉरमॅट मारलं. रॅम वाढवली. एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवली. एसएसडीचा फायदा झाला, ते नाकारत नाही. लोगोनंतर विंडोज पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर उघडू लागलं. पण लोगोच्या आधीचा काळा पडदा होता तेवढाच राहिला. शेवटी निकाल आला की मदरबोर्ड गेला, नवीन मशीन घ्या. जोडीला कारण दिलं की विंडोज १० आता बंद झालं. त्यात तथ्य आहे. मायक्रोसॉफ्टचा विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि माझा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. पण जो पडदा विंडोज सुरू व्हायच्या आधी काळा राहतो, त्याचा विंडोजशी काय संबंध? हा प्रश्न तिथं कुणी घेतलाच नाही.

म्हणून कॅबिनेट चादरीत बांधलं आणि सकाळच्या गाडीनं जळगाव गाठलं.

भाऊंनी आधी मशीन उघडलंच नाही. मॉनिटर, कीबोर्ड जोडला, बटण दाबलं आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. लोगो कधी आला, डेस्कटॉप कधी आला, दोन आकडे वहीत लिहिले. मग टास्क मॅनेजर उघडून स्टार्टअपच्या पानावर वरच्या कोपऱ्यात 'लास्ट बायॉस टाइम' दाखवला: ९४ सेकंद. माझ्यासमोर इतकी वर्षं ते पान होतं, तिथं असा आकडा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बायॉस म्हणजे बटण दाबल्यावर आधी जागा होऊन जोडलेले भाग तपासणारा बोर्डावरचा प्रोग्राम. विंडोजच्या हातात मशीन येण्याआधी त्यानं किती वेळ खाल्ला, ते तो आकडा सांगतो. "दहा-पंधरा असता तर मी विंडोजमध्ये शोधलं असतं," भाऊ म्हणाले. "चौऱ्याण्णव आहे, म्हणजे रोग खाली आहे. फॉरमॅट मारून काय होणार?"

मग झाकण उघडलं. कीबोर्ड सोडून यूएसबीचं सगळं आधीच काढलेलं होतं, त्यामुळं अंगठ्याचं मशीन आणि प्रिंटर यादीतून बाद. आत तीन गोष्टी जोडलेल्या: एसएसडी, डेटासाठी ठेवलेली जुनी हार्ड डिस्क आणि डीव्हीडी रायटर. एकेकीची केबल काढायची, चालू करायचं, वेळ लिहायची. हार्ड डिस्क काढली, फरक नाही. डीव्हीडी रायटर काढला, १२ सेकंद!

मला वाटलं झालं काम. भाऊंना तसं वाटलं नाही. दोष रायटरचा, केबलचा की बोर्डावरच्या पोर्टचा, हे कळल्याशिवाय ते पुढं जात नाहीत. नवी साटा केबल (रायटर बोर्डाला जोडणारी) लावून पाहिली, पुन्हा दीड मिनिट. मग पेन ड्राइव्हवरून विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणाली चालू केली. त्यात मशीन उठताना काय काय करतं त्याच्या ओळी पडद्यावर सरकतात. एका जागी थांबवून त्यांनी बोट ठेवलं: 'एटीए २, लिंक इज स्लो टु रिस्पॉन्ड, प्लीज बी पेशंट'. एटीए २ म्हणजे रायटरचं पोर्ट. मी हसले. मशीनच मला धीर धरा म्हणत होतं. त्याखाली 'कॉमरीसेट फेल्ड', म्हणजे जोडणी रीसेट करायचा प्रयत्न फसला, मग साटाचा वेग दीड गिगाबिटवर उतरवून पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच रडगाणं. आता रायटर दुसऱ्या पोर्टात घातला. तक्रार तीच, फक्त एटीए २ च्या जागी एटीए ४. दुखणं रायटरबरोबर हललं, म्हणजे केबल आणि बोर्ड दोन्ही निर्दोष. ज्या बोर्डाला मृत घोषित केलं होतं तो ठणठणीत निघाला.

मी विचारलं, "भाऊ, पण याचा दिवा लागतो, ट्रे उघडते, मग बिघडला कसा?" ते म्हणाले, ट्रेला नुसती वीज पुरते, बोलायला आतलं सर्किट लागतं. "शाळेत हजेरी घेतात ना ताई, तसं बायॉस करतो. पोरगं आलंच नसेल तर गुरुजी पुढं जातात. बाकावर बसलंय पण ओ देत नाही, तिथंच गुरुजी अडकतात." रिकाम्या पोर्टावर समोर कुणी नाही हे लगेच कळतं. इथं समोर कुणीतरी आहे एवढं कळत होतं, उत्तर येत नव्हतं. अशा ड्राइव्हला रीसेटनंतर तयार व्हायला ३१ सेकंदांपर्यंत मुभा द्यावी असं मानकच आहे, आणि माझा बोर्ड एकदा उत्तर नाही मिळालं म्हणून सोडणारा नव्हता, पुन्हा विचारायचा. दीड मिनिटाचा हिशेब असा लागला.

पोर्ट बायॉसमधून बंद करून रायटर जागेवरच ठेवता आला असता. तो मार्ग त्यांनी धरला नाही, आणि इथं मला त्यांची खरी पारख पटली. बायॉसमधलं घड्याळ बघून ते म्हणाले की घड्याळ आणि सेटिंग जपणारा बोर्डावरचा सेल संपलाय. मी रात्री मेन स्विच बंद करून जाते, त्यामुळं सेटिंग सकाळी पुसलं जाणार आणि पोर्ट पुन्हा चालू होणार. सकाळी तारीख चुकीची दिसते, मग सरकारी साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणत उघडत नाही, हा माझा रोजचा वेगळा वैताग होता. तोही याच सेलचा निघाला. नवा सीआर २०३२ टाकला, बूटच्या क्रमात नेटवर्क पहिलं होतं ते काढून एसएसडी वर आणली, रायटरच्या दोन्ही केबली सोडवून बांधून ठेवल्या. माझ्या जुन्या पत्रिकांच्या कोरलड्रॉच्या फायली सीडीवर आहेत, म्हणून मी नवा रायटर मागितला. "वर्षातून किती वेळा लागतो?" विचारलं आणि विकला नाही. यूएसबीचा बाहेरून लावायचा घ्या, लागेल तेव्हाच जोडा, म्हणाले.

मजुरी आणि सेल धरून साडेतीनशे रुपये. दोन तास लागले असतील.

आता खटकलेलं. पक्कं बिल मिळत नाही, वहीच्या कागदावर आकडा लिहून देतात. दुकानाच्या हिशेबात लावायचं असेल तर अडचण. फोन उचलत नाहीत. बसायला एकच स्टूल, त्यावरही कुणाचं तरी कॅबिनेट. जिना अवघड आहे, हातात ओझं असेल तर बरोबर कुणाला तरी न्या. स्वभाव तुटक, मला समजावून सांगितलं, पण शेजारी उभ्या पोरानं 'लवकर करा ना' म्हटल्यावर त्याचा लॅपटॉप बंद करून परत हातात दिला. तो पोरगा बरोबर होता असं नाही, पण असं वागणं मला आवडलं नाही. आणि गेमिंगची नवी मशीनं जुळवणाऱ्यांनी इथं जाऊ नये, त्यात त्यांना रस नाही.

लोगो लवकर येतो पण डेस्कटॉपला वेळ लागतो, असं असेल तर जळगावपर्यंत जायचं कारण नाही. तो विंडोजचा किंवा डिस्कचा प्रश्न, गावात होतो. लोगोच्या आधीच अडकत असेल तर जा. टास्क मॅनेजरमधला तो आकडा आधी बघून, जमल्यास लिहून न्या. भाऊ पहिलं तेच विचारतात. जुन्या पद्धतीच्या बायॉसवर तो आकडा दिसतच नाही, मग मोबाइलचं स्टॉपवॉच चालतं. मॉनिटर, कीबोर्ड, पॉवर केबल काही न्यायचं नाही, फक्त कॅबिनेट. विंडोजचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटला चिकटवू नका, त्यावरून मला ऐकावं लागलं.