गुदाशयाचा कर्करोग: शस्त्रक्रिया रोबोटिक करावी की दुर्बिणीतून?

दोन्ही पद्धतींत करायचे काम एकच असते: गाठ असलेला गुदाशयाचा भाग, त्याभोवतीची चरबी आणि तिच्यातल्या लसिकाग्रंथी, वरचे पातळ आवरण न फाडता अखंड बाहेर काढणे. सर्जन याला टीएमई (टोटल मेसोरेक्टल एक्सिजन) म्हणतात. आवरण फाटले, किंवा कापलेल्या कडेपासून कर्करोग 1 मिलिमीटर किंवा त्याहून जवळ निघाला, तर तो तिथेच परत येण्याचा धोका वाढतो. त्यामुळे पोटावरच्या छिद्रांवरून पद्धत ठरवू नका. ती दोन्हीकडे साधारण पाचच असतात, आणि काढलेला भाग बाहेर आणायला 4 ते 6 सेंटिमीटरचा छेद दोन्हीकडे लागतो.

खरा फरक ओटीपोटाच्या तळाशी पडतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतली हत्यारे लांब, सरळ आणि ताठ असतात, आणि कॅमेरा सहायकाच्या हातात असतो. अरुंद पेल्विसमध्ये (कंबरेच्या हाडांमधल्या पोकळीत), पुरुषांतल्या प्रोस्टेट ग्रंथीच्या मागे पोहोचल्यावर हत्यारे एकमेकांना अडतात आणि योग्य थर सुटू लागतो. काप बाहेर सरकला तर लघवी आणि लैंगिक क्रियेच्या नसा दुखावतात; आत सरकला तर आवरणच फाटते. खाली आतडे कापतानाही स्टेपलर, म्हणजे आतडे टाचून कापणारे हत्यार, हवे त्या कोनात बसत नाही, म्हणून तो दोन-तीनदा चालवावा लागतो. जितक्या जास्त वेळा चालवाल, तितका आतड्याची दोन टोके जोडलेला जोड गळण्याचा धोका वाढतो.

रोबोटचे हत्यार टोकाशी मनगटासारखे वळते, कॅमेरा सर्जनच्याच ताब्यात स्थिर राहतो आणि हाताची थरथर गाळली जाते. यंत्र स्वतःहून काही कापत नाही. प्रत्येक हालचाल सर्जनचीच असते. मात्र बहुतेक यंत्रांत ऊतीवर किती ताण पडतोय हे हाताला कळत नाही, ते नजरेने ओळखावे लागते. सवय नसलेल्या हातून इथेच ऊती फाटतात. यंत्र जोडण्यात वेळ जातो, भूल लांबते, आणि खर्च तर वाढतोच.

पुरावा काय सांगतो? दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या, 2017 साली प्रसिद्ध झालेल्या रोलार चाचणीत 10 देशांतले 471 रुग्ण होते. छिद्रांतून काम न जमल्याने पोट उघडण्याची वेळ रोबोटिकमध्ये 8.1 टक्के, दुर्बिणीत 12.2 टक्के रुग्णांवर आली; हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. पण त्यातले अनेक सर्जन दुर्बिणीत मुरलेले आणि रोबोटवर त्यामानाने नवखे होते, हे विसरून चालणार नाही. चीनमधल्या 11 रुग्णालयांच्या रिअल चाचणीत मधल्या व खालच्या गुदाशयाचे रुग्ण घेतले. तिथे कडेला कर्करोग सापडण्याचे प्रमाण 4.0 विरुद्ध 7.2 टक्के, आणि तीन वर्षांत त्याच जागी रोग परतण्याचे 1.6 विरुद्ध 4.0 टक्के निघाले, दोन्ही रोबोटच्या बाजूने. एकूण जगण्याच्या प्रमाणात मात्र ठळक फरक दिसला नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. गाठ वरच्या भागात असेल, पेल्विस रुंद असेल आणि सर्जन दुर्बिणीत तरबेज असेल, तर रोबोटसाठी वेगळे पैसे मोजण्याचे किंवा तारीख पुढे ढकलण्याचे कारण नाही. गाठ गुदद्वारापासून काही सेंटिमीटरवर, रुग्ण पुरुष, पोट सुटलेले, आधी रेडिएशन झालेले, असे सगळे जुळून आले तर रोबोटचा फायदा खरा आहे. अट एवढीच की तो सर्जन त्यावर नियमित गुदाशयाच्याच शस्त्रक्रिया करत असावा. पित्ताशयाच्या किंवा हर्नियाच्या रोबोटिक शस्त्रक्रियांचा आकडा इथे उपयोगी नाही.

काही त्रास रोबोटमुळे टळत नाहीत. जोड खाली असला की काही महिने शौचासाठी पोटावर पिशवी बहुधा लावावी लागतेच. वारंवार, घाईने शौचाला लागण्याचा त्रासही दोन्हीकडे संभवतो.

सर्जनला विचारा: गेल्या वर्षभरात याच पद्धतीने गुदाशयाच्या किती शस्त्रक्रिया केल्या? किती जणांचे पोट उघडावे लागले, किती जोड गळले? आणि पॅथॉलॉजी अहवालांत आवरण ‘पूर्ण’ असल्याचा शेरा किती वेळा आला? या आकड्यांची नोंद ठेवणारा सर्जन ते लगेच सांगू शकतो.