रहस्यमालिका निवडताना: वय न वाढणारा गुप्तहेर की म्हातारा होत जाणारा?

रहस्यमालिका निवडताना वाचक बहुधा पहिल्या पुस्तकातलं रहस्य किती अवघड आहे ते पाहतात. मी माणसं पाहते. खुनी कोण होता हे वर्षभरात विसरायला होतं, पण उकल करणाऱ्याच्या घरात कोण राहतं, तो कोणावर चिडतो, कोणाला जपतो, हे लक्षात राहतं. त्या माणसांसाठीच आपण पुढचं पुस्तक उघडतो. म्हणून मालिकेत काळ थांबलेला आहे की चालतो आहे, हे मला आधी पाहावंसं वाटतं.

काळ थांबलेल्या मालिकेचं ठळक उदाहरण म्हणजे अगाथा ख्रिस्ती यांचा हर्क्यूल पॉयरो. १९२० साली तो पहिल्यांदा आला तेव्हाच पोलीस खात्यातून निवृत्त झालेला होता. पुढे अर्धशतकभर तो गुन्हे उकलत राहिला. त्याच्या वयाचा हिशेब करायला बसलं तर तो जुळत नाही, आणि वाचताना कोणी तो करतही नाही. तीच मिशी, तोच टापटिपीचा अट्टहास. सत्यजित राय यांचा फेलूदाही याच जातीचा. मात्र त्या मालिकेत जटायू हे भाबडे लेखक दाखल झाले आणि तिला खरी ऊब आली. फेलूदाच्या बुद्धीचं मला कौतुक वाटतं, जीव जडतो तो जटायूंवर. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळापहाड ज्यांनी वाचला, त्यांना ओळखीचं पात्र पुन्हा भेटण्याचा आनंद वेगळा सांगायला नको.

या मालिकांची मोठी सोय म्हणजे कुठलंही पुस्तक कधीही उचलता येतं. मध्ये दोन वर्षं खंड पडला तरी काही बिघडत नाही. आयुष्यात धावपळ असेल, मन थकलेलं असेल, तर हीच निवड योग्य. पॉयरोचं शेवटचं पुस्तक तेवढं शेवटीच वाचा. ते १९७५ साली आलं आणि त्याच्या मृत्यूची बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर छापली. एका काल्पनिक माणसाचा मृत्युलेख! वाचकांचा जीव किती गुंतला होता हे त्यावरून कळावं.

काळ चालणाऱ्या मालिका जास्त मागतात आणि जास्त देतातही. शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश १९३२ मध्ये तरुण, एकटा असा भेटतो. एका प्रकरणात ज्याच्यावर संशय आहे त्याची बहीण सत्यवती त्याला भेटते, पुढे तिच्याशी त्याचं लग्न होतं, मूल होतं. या कथा सांगणारा मित्र अजित त्यांच्याच घरात राहतो. नवरा-बायकोची कुरबुर आणि अजितची मध्यस्थी यांसाठी मी त्या कथा पुन्हा वाचते. अखेरच्या काही कथांत निवेदन अजितकडे उरत नाही, तेव्हा घरातलं कोणी बोलायचं थांबल्यासारखं वाटतं. क्रमाने न वाचणाऱ्याला ही हुरहूर कळणारच नाही.

इयन रँकिन यांचा एडिनबरामधला इन्स्पेक्टर रीबस तर वाचकाबरोबरच म्हातारा होतो. १९८७ मध्ये सुरू झालेला हा माणूस २००७ च्या पुस्तकात वयोमानानुसार निवृत्त होतो, आणि २०१२ मध्ये परततो. त्याची कनिष्ठ सहकारी शिवॉन क्लार्क त्याच्या हाताखाली शिकत मोठी होते. या दोघांचं नातं पुस्तकागणिक बदलतं, त्यामुळे मधूनच सुरुवात केली तर निम्मी गंमत हरवते. पहिल्याच पुस्तकात माया लागेल अशी अपेक्षाही ठेवू नका; इथे ती हळूहळू लागते.

यात एक धोका आहे, तो आधीच माहीत असलेला बरा. स्यू ग्राफ्टन यांनी १९८२ पासून इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने किन्सी मिलहोन या स्त्री गुप्तहेराच्या कादंबऱ्या लिहिल्या. २०१७ मध्ये ‘वाय’पर्यंत आल्या आणि त्याच वर्षी त्यांचं निधन झालं. ‘झेड’ लिहिलीच गेली नाही. पूर्ण झालेलीच मालिका हवी असेल, तर सुरुवात करण्याआधी हे तपासा.

दोन्हींत माझा कौल काळ चालणाऱ्या मालिकेला आहे. मात्र रीबसची वीसहून अधिक पुस्तकं एकदम समोर ठेवू नका. आधी ब्योमकेश घ्या. बहुतेक कथा एका बैठकीत संपतात, त्यामुळे क्रम पाळणं जड जात नाही, आणि सत्यवती येईपर्यंत तुम्हाला पुढे वाचायचं की नाही हे कळलेलं असेल.