लुआ ५.४, आठ महिन्यांनंतर: गळती कुणाची, खापर कुणावर

लुआ ही स्क्रिप्ट लिहायची भाषा आटोपशीर आहे, वेगवान आहे, सी प्रोग्रॅममध्ये पटकन बसते, हे सगळं तुम्हाला माहीत आहे आणि ते खरंही आहे. मी लिहायला बसलो ते एका टायमरमुळे.

माझा प्रोग्रॅम दर सेकंदाला एका सेन्सरला विचारणा करतो. उत्तर वेळेत आलं नाही तर काय करायचं, ते सांगणारं फंक्शन (कोडचा तुकडा) लुआतली स्क्रिप्ट टायमरकडे देऊन ठेवते. उत्तर आलं की टायमर रद्द. मेमरीच्या बाबतीत मी पक्का चिकट. लुआला ३२ एमबीची मर्यादा घातलेली, त्यापुढे माझा ॲलोकेटर (मेमरी वाटणारं फंक्शन) सरळ नल, म्हणजे नकार, देतो. पहिले पाच महिने यंत्र रोज रात्री बंद व्हायचं, तेव्हा सगळं आलबेल. मग ते सलग चालवायला लागलो आणि ते 'नॉट इनफ मेमरी' म्हणत मान टाकायला लागलं. तेही दर वेळी सुरू केल्यापासून बरोबर तीन दिवस पाऊण तासानं!

अर्थात खापर गार्बेज कलेक्टरवर, म्हणजे नको असलेली मेमरी मोकळी करणाऱ्या लुआच्या सफाईकामगारावर. त्याचा पॉज (दोन सफायांमधली उसंत) २०० वरून १०० वर आणला, जनरेशनल मोड (नव्या वस्तू जास्त वेळा तपासणारी पद्धत) लावून पाहिला, स्क्रिप्टमध्ये जागोजागी कलेक्टगार्बेज (आत्ता सफाई कर, हा हुकूम) पेरलं. तीन दिवस पाऊण तास काही हलेना. व्हॅलग्राइंड हे मेमरीची गळती (घेतलेली मेमरी परत न करणं) शोधणारं साधन म्हणे सगळे ब्लॉक मोकळे झाले, गळती शक्यच नाही. म्हणेलच! शेवटी लुआ-क्लोज (लुआ बंद करणारं फंक्शन) केलं की लुआ जवळचं सगळं इमानदारीत परत करते. चालू असताना काय साठवून बसली होती, ते त्या रिपोर्टात कुठून दिसणार? या परीक्षणात लुआला पाचपैकी दोन स्टार द्यायचे असं ठरवून इथवर लिहून ठेवलं होतं.

पुढचं दोन आठवड्यांनी लिहितोय. स्टार वाढवावे लागणार.

मॅन्युअलमधली एक ओळ मी कधी नीट वाचलीच नव्हती. लुआ नवीन वस्तूसाठी जागा मागते तेव्हा ॲलोकेटरला मिळणाऱ्या 'जुन्या आकारा'च्या खान्यात आकार नसतो, वस्तूचा प्रकार असतो. स्ट्रिंगला (मजकूर) ४, टेबलला (नोंदींचा तक्ता) ५, फंक्शनला ६. जागा परत करताना मात्र प्रकार सांगत नाही, म्हणून प्रत्येक ब्लॉकपुढे १६ बाइटांचं हेडर चिकटवून तो लिहून ठेवला (जिवावर आलं, पण ठेवला). तासाभरात चित्र स्वच्छ. स्ट्रिंग वर-खाली होत होत्या, टेबलं जागच्या जागी, आणि फंक्शन मात्र तासाला ३,६०० नी चढतायत. सेकंदाला एक.

म्हणजे चोर घरातलाच. टायमरकडे दिलेलं फंक्शन लुआएल-रेफनं रजिस्ट्रीत, म्हणजे सी कोडसाठी लुआनं ठेवलेल्या आतल्या टेबलात, ठेवायचं आणि लुआएल-अनरेफनं सोडायचं असतं. टायमर वाजला की माझा कोड अनरेफ करत होता. रद्द झाला की करतच नव्हता. फंक्शन रजिस्ट्रीत पडून, आणि रजिस्ट्रीतून पोचता येतं त्याला कलेक्टर हात लावत नाही. क्लोजर (म्हणजे ते फंक्शन), अपव्हॅल्यू (त्यानं बाहेरून धरलेलं व्हेरिएबल) आणि रजिस्ट्रीतली जागा मिळून दर सेकंदाला शंभरेक बाइट. आणि ते पाऊण तासाचं कोडं? रजिस्ट्रीही टेबलच, आणि टेबलाचा ॲरे (ओळीनं नोंदी ठेवायची जागा) भरला की दुप्पट होतो. २,६२,१४४ नोंदी भरायला सेकंदाला एक या हिशोबानं तीन दिवस आणि ४९ मिनिटं लागतात. त्या क्षणी आणखी ४ एमबी एकदम हवे, आणि माझी मर्यादा तिथेच संपत होती. हा हिशोब जुळला तेव्हा झालेला आनंद बायकोला समजावून सांगता आला नाही.

तरी एक राग कायम आहे: लुआएल-रेफ हातात नुसता आकडा ठेवतं. सामानघरातलं टोकन जणू, पण कुणी घेतलं, कशासाठी, याची नोंद कुठेच नाही. घाईत दुरुस्ती करताना मी टायमर वाजल्यावरही अनरेफ केलं आणि रद्द करतानाही. एकच आकडा दोनदा परत गेल्यावर लुआनं तोच पुढे दोन टायमरना वाटला, आणि एकाचं फंक्शन दुसऱ्याच्या नावानं धावलं. गळती परवडली असती. आता अनरेफ केलं की लगेच त्या आकड्याच्या जागी नोरेफ ('काहीच धरलेलं नाही' सांगणारा आकडा) लिहितो. त्यावर पुन्हा अनरेफ झालं तरी काही बिघडत नाही. एवढी एक ओळ, पण ती आठवणीनं लिहायची जबाबदारी आपली. याचा अर्धा स्टार कापणारच.

साडेचार. यंत्र एकोणीस दिवस सलग चालू आहे, फंक्शनचा आकडा ढिम्म. ते १६ बाइटांचं हेडर आता काढून टाकायला हरकत नाही, पण हात होत नाहीये.